थांबलेला चक

उद्यमनगरात, आमच्या गल्लीत,
ट्यूबलाइटच्या खाली लेथ फिरतो
आणि फिरता फिरता
मध्येच एकदा थांबतो.

थांबत नाही. थांबल्यासारखा दिसतो.
पट्टा सळसळतोय, मोटर गुरगुरतेय,
आणि तीन जबड्यांचा चक मात्र
पत्र्यावर झोपलेल्या मांजरागत निवांत,
बोल्टाच्या कडा मोजून घ्याव्यात इतका स्वच्छ.
वेग जरा कमी करा,
तर उलटा सरकू लागतो, सावकाश,
घरी काहीतरी विसरून आलेल्या माणसासारखा.

ट्यूब सेकंदाला शंभरदा मंदावते
हे मला आयटीआयच्या पुस्तकानं सांगितलं.
तो अंधार आपण धरत नाही, एवढंच.
तेवढ्या अंधारात एक जबडा जातो,
त्याच्या जागी दुसरा येऊन उभा राहतो,
हजेरीला दोस्ताच्या नावावर
'हजर' म्हणणाऱ्या पोरासारखा,
आणि डोळा मास्तर
मान वर न करता खूण करतो.

दस्तगीर मिस्त्रींनी ते पुस्तक वाचलं नव्हतं.
ते कानानं लेथ चालवत.
पण त्या मंगळवारी शेजारच्या दोन्ही मशिनी जोरात होत्या,
आमच्या लेथचा आवाज त्यात बुडाला होता,
आणि चक तर समोर उभाच होता, शहाण्यासारखा.
मिस्त्रींनी चावी लावायला
हात पुढं केला.

लोखंडाचा कीस लाल झाला होता.
बाकीचं मी कुणाला सांगत नाही.

सीपीआरमध्ये टाके पडले.
दहा दिवसांनी मिरजेला दाखवायला निघालो.
कोल्हापूरचं स्टेशन म्हणजे रुळांचा शेवट,
इथून गाडीला जायला एकच दिशा.
खिडकीशी मिस्त्री, हात गळ्यात बांधलेला.
शेजारची गाडी हलली.
"सुटली एकदाची," म्हणाले, आणि डोळे मिटले.
मलाही पोटात ती ओढ जाणवली, शप्पत.
मग तिचा शेवटचा डबा सरकला
आणि पलीकडं तोच खांब,
तोच किटली घासणारा चहावाला.
आम्ही जागच्या जागी.

मिस्त्री हसले. त्या मंगळवारनंतर पहिल्यांदा.
"बोट गेलं ते ह्याच खोडीपायी, लेका.
डोळं खोटं बोलत न्हाईत रं,
त्यास्नी नुसती घाई असती."

परत आल्यावर त्यांनी प्रत्येक लेथवर
साठचा एकेक पिवळा बल्ब टांगला.
बल्बाची तार पुरती विझत नाही,
घरातला जुना राग राहतो तशी
आतल्या आत गरम राहते.
तिच्या उजेडात फिरणारा चक धूसर दिसतो,
दिसायला हवा तसाच धूसर.
नव्या पोरांना ते एवढंच शिकवत:
"साफ दिसाय लागलं की हात मागं घ्यायचा."

एका श्रावणात मला राजाराम बंधाऱ्यावर नेलं.
"पाण्याकडं बघ. पापणी हलवू नकोस."
बघितलं. पाणी कोसळत होतं.
"आता त्या दगडाकडं."
दगड वर चढू लागला,
न हलता, न ओला होता,
जणू पंचगंगेला परत जायचं होतं
आणि तिनं दगडाला पुढं धाडलं होतं.
मी घाबरून कठडा धरला.
मिस्त्री शेंगा सोलत होते,
साडेचार बोटांनी.

आता लेथ माझा आहे.
सकाळी ते येतात, बाकड्यावर टेकतात,
चहा बशीत ओततात.
परवा मला जवळ बोलावलं.
"हे बघ, हलतंय."
उजव्या हाताचं, नसलेलं पेर
ते वाकवून दाखवत होते,
पुन्हा सरळ करत होते,
कपाळावर घाम आला होता.

मी वर बघितलं. पिवळा बल्ब चालू होता.
मग खाली, त्या रिकाम्या जागेकडं,
बराच वेळ.

"हां मिस्त्री," मी म्हणालो,
"पण साफ न्हाई दिसत."

"मग खरं हाय," ते म्हणाले,
आणि बशी तोंडाला लावली.